चार कॅमेरे, चार घड्याळे

एकच प्रसंग एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपायचा आणि कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र वापरायचे ते नंतर ठरवायचे, याला मल्टिकॅम संकलन म्हणतात. थेट प्रक्षेपणात ही निवड तिथल्या तिथे होते आणि चुकलेले बटण प्रेक्षकांना दिसतेच. संकलनात उसंत मिळते, पण त्यासाठी सगळ्या कॅमेऱ्यांचा प्रत्येक क्षण एकमेकांशी जुळलेला, म्हणजे ‘सिंक’मध्ये असावा लागतो. या तंत्राचा इतिहास पाहिला तर तक्रार बहुधा एकच दिसते: कॅमेरे एका घड्याळावर चालत नाहीत. उपाय बदलत गेले आणि प्रत्येक उपायाने बिघाडाची जागा तेवढी बदलली.

या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती १९५१ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ या विनोदी मालिकेमुळे. तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या भागांत टीव्हीच्या पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेली धूसर प्रत दाखवली जाई. ल्यूसिल बॉल आणि देसी आर्नाझ या दांपत्याला हॉलिवूड सोडायचे नव्हते. प्रायोजकाला धूसर प्रत नको होती. शेवटी प्रेक्षकांना समोर बसवून ३५ मिलिमीटर फिल्मवर तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करायचे ठरले. छायालेखक होते कार्ल फ्रॉइंड, ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटावर काम केलेले. प्रत्येक कोनासाठी दिवे हलवायला सवड नसल्याने त्यांनी सगळ्या रंगमंचावर सारखा प्रकाश पसरवला. टीव्हीवरच्या विनोदी मालिकांचा तो सपाट उजेड पुढे कित्येक वर्षे टिकला, तो या अडचणीतून आला.

तीन फिल्मा एकदम पाहण्यासाठी मोव्हिओला या संकलनयंत्राला चित्राची तीन आणि आवाजाचे एक अशी डोकी जोडण्यात आली. संकलक डॅन कान यांच्या खोलीत या यंत्राचे नाव ‘तीन डोक्यांचा राक्षस’ असे पडले. स्टुडिओत जुळणी तुलनेने सोपी होती, कारण कॅमेऱ्यांच्या आणि ध्वनिमुद्रकाच्या मोटारी एकाच वीजपुरवठ्याच्या तालावर फिरत. क्लॅपची फळी मिटली ती फ्रेम साहाय्यक शोधून काढी, त्यावर मेणाच्या पेन्सिलीने फुली मारी, ध्वनिपट्टीवर ‘टक्’ ऐकू आले तिथे दुसरी फुली मारी आणि दोन्ही पट्ट्या सिंक्रोनायझरच्या दातेरी चाकांवर समोरासमोर बसवी. एकदा सुरुवात जुळली की रीळ संपेपर्यंत चिंता नसे.

कॅमेरा खांद्यावर घेऊन माणसे स्टुडिओबाहेर पडली तेव्हा ही निश्चिंती संपली. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीचा वेग कमीजास्त होतो. म्हणून कॅमेऱ्यातून निघणारा, मोटारीच्या वेगाची खूण असलेला ‘पायलट टोन’ हा संकेत तारेने नाग्रासारख्या ध्वनिमुद्रकात नोंदवत. त्यामुळे कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक एका दाव्याला बांधलेले राहत. १९६०च्या दशकात क्वार्ट्झ स्फटिकावर वेग स्थिर ठेवणारे कॅमेरे आले आणि ती तार सुटली. तरी क्लॅपचा प्रश्न राहिलाच. १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवासारख्या ठिकाणी गर्दीत विखुरलेले कॅमेरे मनाला येईल तेव्हा सुरू आणि बंद होतात. दर वेळी फळी कोण वाजवणार? अशा चित्रीकरणात वादकाची बोटे आणि गायकाचे ओठ पाहून तुकडा कोणत्या ओळीचा आहे ते ओळखावे लागे. मायकेल वॉडली यांच्या ‘वुडस्टॉक’ चित्रपटाच्या संकलनात थेल्मा शूनमेकर आणि मार्टिन स्कॉर्सेसी होते. एकाच पडद्यावर दोन-तीन चित्रे शेजारी दाखवण्याची त्याची शैली गाजली; तिथे तर सिंकमधली चूक लपवायला जागाच नव्हती.

व्हिडिओ टेपच्या जमान्यात प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा क्रमांक देणारा टाइमकोड आला. १९७०च्या दशकात त्याचे प्रमाण ठरले. आता फुली मारण्याची गरज नव्हती, आकडे जुळवले की झाले. पण अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणासाठी सेकंदाला ३० फ्रेमचा वेग किंचित घटवून २९.९७ केलेला होता. त्यामुळे तासाभरात टाइमकोड खऱ्या घड्याळाच्या ३.६ सेकंद मागे पडे. यावर ‘ड्रॉप-फ्रेम’ ही युक्ती निघाली: दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. चित्र एकही जात नाही, जातात ते आकडे. एक कॅमेरा या पद्धतीवर आणि दुसरा साध्या पद्धतीवर असेल तर दोघांचा वेग एकच असूनही आकडे फाकत जातात, आणि नवखा संकलक बिघाड चित्रात शोधत बसतो. भारताने २५ फ्रेमची पद्धत घेतल्यामुळे १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनला या गणिताशी झगडावे लागले नाही. ती कटकट इकडे आली ती पुढे, ३० फ्रेमवर चालणाऱ्या उपकरणांबरोबर.

संगणकावरचे संकलन १९८९च्या ॲव्हिडपासून रुळले. फायनल कट प्रो या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीने २००५ साली मल्टिकॅमची सोय लहान स्टुडिओंच्या आवाक्यात आणली. २००८च्या कॅनन फाइव्ह-डी मार्क टूमुळे फोटोच्या कॅमेऱ्यावर चित्रपटासारखे चित्र मिळू लागले. पण त्यात टाइमकोड जुळवायची सोय नव्हती, एक तुकडा सुमारे १२ मिनिटांचा, आणि वेग नेमका ३०. तो २९.९७च्या कॅमेऱ्याशेजारी ठेवून फ्रेमला फ्रेम जुळवली, तर बारा मिनिटांच्या अखेरीस पाऊण सेकंदाच्या आसपास फरक पडे. २०१०च्या मार्चमध्ये कंपनीने नवे फर्मवेअर देऊन हा वेग बदलला आणि २४ व २५चे पर्यायही दिले.

२००९ साली आलेल्या प्लुरलआइज या सॉफ्टवेअरने टाइमकोडलाच बगल दिली. सगळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या आवाजाच्या लहरी एकमेकींवर सरकवून त्या कुठे सर्वाधिक जुळतात ते संगणकाने शोधायचे. हीच सोय २०१२च्या जानेवारीत फायनल कट प्रो एक्समध्ये आली. आधीच्या वर्षी ते मल्टिकॅमविना बाजारात आल्याने व्यावसायिक संकलक चांगलेच भडकले होते.

लहरी जुळल्या म्हणजे चित्र जुळलेच असे नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २५च्या वेगात एका फ्रेममध्ये साडेतेरा मीटर. नाट्यगृहात रंगमंचापासून २७ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला संवाद दोन फ्रेम उशिरा ऐकू येतो. सॉफ्टवेअर तो आवाज जुळवायला चित्रही दोन फ्रेम पुढे ओढते आणि नटाचे ओठ शब्दाआधी हलतात. इथे ती फीत हाताने मागे सरकवण्यावाचून इलाज नाही.

मोबाइलने आणखी वेगळी अडचण आणली. अनेक फोन प्रकाश आणि प्रोसेसरवरचा ताण पाहून फ्रेमचा वेग क्षणोक्षणी बदलतात, त्यामुळे सुरुवात नेमकी जुळवली तरी चित्र मध्येच घसरते आणि कधी परत जागेवरही येते. अशी फाइल टाइमलाइनवर घेण्याआधी स्थिर वेगात बदलून घेतात. वेग स्थिर असलेल्या उपकरणांची घड्याळेही तंतोतंत नसतात: दहा लाखांत दहा भागांचा फरक तासाभरात जवळपास एक फ्रेम होतो. दोन अंकी नाटकासारख्या लांब चित्रीकरणात म्हणूनच सिंक आरंभी आणि अखेरीस दोन्हीकडे तपासतात. शेवट सुटलेला आढळला तर संवादातल्या एखाद्या विरामात फीत कापून पुढचा भाग नव्याने बसवतात.