लाल कंदील आणि लोकरीचे लडे

आगगाडी चालवणं हा एकमेकांना न पाहता, बहुधा न बोलताही करायचा संयुक्त उद्योग आहे. स्टेशन मास्तर कंदील दाखवतो, दुरून येणारा ड्रायव्हर तो पाहतो, आणि दोघांचं बोलणं तेवढंच. या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरली होती: दाखवणाऱ्याला जो लाल दिसतो तोच बघणाऱ्यालाही दिसतो. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमधल्या लागरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसं दगावली, तेव्हा उप्सालाचे शरीरशास्त्रज्ञ फ्रितिओफ होल्मग्रेन यांनी रंगांधळेपणाचा संशय घेत या गृहीतावरच बोट ठेवलं. रंगांधळेपण तेव्हा नवं नव्हतं. शास्त्रज्ञ जॉन डाल्टनने स्वतःच्या दृष्टीतला हा दोष १७९४ मध्येच जाहीर केला होता; जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा निळसर दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडं. पण ती एका विद्वानाची गमतीदार अडचण समजली गेली. रेल्वेच्या नोकरीशी असलेला तिचा संबंध गांभीर्यानं घेतला जायला पुढं आठ दशकं गेली.

होल्मग्रेन यांची खरी करामत चाचणीच्या रीतीत होती. ते रंगाचं नाव विचारत नसत. लोकरीचा फिकट हिरवा लडा पुढं ठेवायचा आणि ढिगातून त्याच्या जातीचे लडे वेचायला सांगायचं. रंगांधळा माणूस जन्मभर गवताला हिरवं आणि रक्ताला लाल म्हणत आलेला असतो; तोंडी परीक्षेत तो सहज निभावतो, आणि आपल्यात काही उणं आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. लडे वेचताना मात्र हिरव्याशेजारी करडा आणि मातकट येऊन बसतो. शब्द जुळले म्हणजे दृष्टी जुळली असं नव्हे, हे इथं कामाच्या ठिकाणी उघड झालं. सहकार्याची शिस्त नियमपुस्तकापेक्षा या तपासणीवर अधिक उभी आहे, असं मला वाटतं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते फुसके नाहीत. लागरलुंडाचा अपघात रंगांधळेपणामुळेच झाला, याचा पुरावा तोकडा असल्याचं अलीकडच्या दृष्टिसंशोधकांनी दाखवलं आहे. तसं असेलही, पण कारण चुकीचं ठरलं तरी प्रश्न खोटा ठरत नाही, कारण युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्याचा भेद नीट कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: माणसं गाळण्यापेक्षा खूणच का बदलू नये? दिवसा सिग्नलचा हात आडवा की कललेला, हे कुणालाही दिसे; रात्री मात्र उरे तो नुसता रंगीत दिवा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९१५ च्या सुमारास पिवळसर दिव्यांच्या ओळी लावल्या. आडवी ओळ म्हणजे थांबा, उभी म्हणजे चला. रंगाची गरजच संपली. ही तोड मला चाचणीहून सरस वाटते, पण ती महाग होती आणि जगभर चालली नाही. म्हणून चाचणी राहिली, भारतातही. शिवाय आपल्याकडे लोको पायलट आणि सहायक पुढच्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्यानं सांगतात, दोघांचेही डोळे चाचणीत उत्तीर्ण झालेले असूनसुद्धा.