गाडीचा सेल्फ घरी बदलताना

चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज आणि इंजिन गप्प. पिंगळीसारख्या गावात अशा वेळी आधी चौघे मिळून धक्का मारतात, मग परभणीच्या मेकॅनिकला फोन जातो. पण दोष सेल्फचाच (स्टार्टर मोटरचा) आहे का, हे आधी पाहावे. पूर्ण चार्ज बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. चावी फिरवताना हेडलाइट एकदम मंद झाले, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनलवर क्षार साचलेला असतो.

सेल्फला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायचीच. सेल्फकडे जाणाऱ्या जाड वायरला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. पाना एकाच वेळी तिला आणि बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडतात, हात भाजतो. गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड हवेच.

वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मग दोन-तीन बोल्ट काढले की सेल्फ बाहेर येतो. लगेच नवा घेऊ नये. अनेकदा फक्त कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो. नवाच घेतला तर जुन्याशेजारी ठेवून पिनियनचे दात मोजावेत. निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी जोडायची, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा आणि मग चावी फिरवायची.