दरबार ते तिकीट: गाण्यावर जगणाऱ्यांची वाटचाल (१९०० ते १९५०)

प्रास्ताविक

संगीताचा इतिहास शिकताना आपण बहुधा घराणी, राग, बंदिशी आणि गुरुपरंपरा यांचा अभ्यास करतो. मात्र गायक आपले पोट कसे भरत होता, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. गाणे ही विद्या आहे, तसाच तो धंदाही आहे. गायकाला घर चालवायचे असते, साथीदारांना पैसे द्यायचे असतात, प्रवास करायचा असतो आणि म्हातारपणाची सोयही पाहायची असते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत भारतातील गायकांचे उत्पन्नाचे मार्ग पूर्णपणे बदलले. दरबार मागे पडले. तिकिटाचे जलसे, ध्वनिमुद्रिका, संगीत नाटक, बोलपट आणि रेडिओ ही नवी साधने आली. या बदलात काही जणांची कारकीर्द समाधानाची झाली, तर काही जण अफाट कीर्ती मिळवूनही अखेरीस कष्टात राहिले. हा फरक कशामुळे पडला, हे या पाठात आपण काही गायक-गायिकांच्या आयुष्यांवरून समजून घेऊ.

१. जुनी व्यवस्था: आश्रय आणि बिदागी

एकोणिसाव्या शतकात गायकाला मुख्य आधार होता तो संस्थानिकांचा. ग्वाल्हेर, बडोदे, म्हैसूर, रामपूर अशा दरबारांत गायकांना दरमहा वेतन मिळे आणि सणासमारंभाला वेगळी बिदागी मिळे. दरबाराबाहेर जमीनदार आणि सावकार यांच्या घरच्या बैठका असत. उत्तर भारतातील शहरांत तवायफांचे कोठे होते, तर दक्षिणेत देवळे आणि देवदासींची परंपरा होती.

या व्यवस्थेत स्थैर्य होते. पण ते एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून होते. राजा बदलला किंवा त्याची आवड बदलली की गायकाचे स्थान डळमळे. केव्हा गायचे आणि कोणासमोर गायचे हेही आश्रयदाताच ठरवी. स्त्री कलावंतांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. त्यांच्या गाण्याला दाद मिळे, पण समाजात त्यांना प्रतिष्ठा नसे. १८९० च्या दशकात मद्रासमध्ये आणि इतरत्र नाचगाण्याच्या बैठकांविरुद्ध सुधारकांची चळवळ सुरू झाली. तिचा हेतू काहीही असो, पिढ्यान्‌पिढ्या गाणे जपणाऱ्या अनेक स्त्रियांचे उत्पन्नाचे साधन तिने धोक्यात आणले.

२. गौहर जान: कीर्ती आहे, आधार नाही

१८७३ मध्ये आझमगढ येथे जन्मलेल्या गौहर जान आईबरोबर आधी बनारसला आणि नंतर कलकत्त्याला आल्या. दरभंग्याच्या दरबारात त्यांचे पहिले गाणे झाले. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कलकत्त्यात आले, तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी गाणाऱ्या पहिल्या मोठ्या भारतीय कलावंतांत त्या होत्या. एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर चालणारा विस्तार तीन मिनिटांत बसवण्याची हातोटी त्यांनी फार लवकर साधली. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण मुद्रण भारतात झाले तरी तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणता हे कळावे लागे.

ध्वनिमुद्रिकेमुळे गौहर जान यांचे नाव देशभर पोचले. त्यांनी दहापेक्षा अधिक भाषांत गाणी मुद्रित केली. १९११ च्या दिल्ली दरबारात अलाहाबादच्या जानकीबाईंसोबत त्या गायल्या. त्यांची बिदागी त्या काळातील सर्वांत मोठ्या बिदाग्यांमध्ये गणली जाई. मात्र या पैशाचा हिशोब, मालमत्तेची व्यवस्था आणि विश्वासातली माणसे या बाबतीत त्यांना मोठे धक्के बसले. कोर्टकज्ज्यांत संपत्ती गेली. १९२८ मध्ये त्या म्हैसूर दरबारच्या गायिका म्हणून वेतनावर रुजू झाल्या आणि जानेवारी १९३० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

यातून एक गोष्ट लक्षात येते. नव्या तंत्रज्ञानाने सर्वांआधी ज्यांना देशव्यापी नाव दिले, त्यांनाही उतारवयात जुन्या दरबाराचाच आधार शोधावा लागला.

३. विष्णु दिगंबर पलुस्कर: श्रोता नव्याने घडवणे

विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२ ते १९३१) हे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाल्यावर ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि उत्तर भारताचा प्रवास सुरू केला. या प्रवासात सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले.

आज आपल्याला ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी मात्र ती धाडसाची होती. तिकीट काढून आलेला श्रोता गायकाचा धनी नव्हता, आणि गायकही त्याचा आश्रित नव्हता. शंभर जणांनी थोडे थोडे पैसे दिले की एकाच्या मर्जीची गरज उरत नाही, हे पलुस्करांनी ओळखले. पण अशा श्रोत्यांना गाणे समजले पाहिजे आणि गाण्याच्या ठिकाणी कुटुंबासह जाण्यात त्यांना संकोच वाटता कामा नये. म्हणून ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ते एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली.

पलुस्करांचा आर्थिक हिशोबही पूर्ण जमला नाही. मुंबईची इमारत कर्जात गेली आणि तिच्यावर पाणी सोडावे लागले. पण त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बी. आर. देवधर यांना तयार श्रोता मिळाला. गाण्याच्या जाहीर कार्यक्रमाला जाणे ही मध्यमवर्गाला साजेशी गोष्ट आहे, ही भावना रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

४. मद्रास: कार्यक्रमाची नवी बांधणी

दक्षिणेत हाच बदल सभांच्या रूपाने झाला. सभा म्हणजे वर्गणीदार सभासदांची संस्था. सभासद वर्षाची वर्गणी देत आणि त्यातून गायकांचे मानधन निघे. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ मध्ये मद्रास म्युझिक अकॅडमी स्थापन झाली.

सभेचा श्रोता कचेरीतून सुटून येई आणि ठरलेल्या वेळेत त्याला विविधता हवी असे. देवळात किंवा लग्नाच्या मांडवात रात्रभर चालणारे गाणे इथे चालणार नव्हते. अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९० ते १९६७) यांनी आरंभी वर्णम्, मग लहान-मोठ्या कृती, मध्यभागी विस्ताराची मुख्य रचना आणि शेवटी हलकी गाणी असा क्रम रूढ केला. कर्नाटक संगीताची बैठक आजही साधारण याच क्रमाने होते. गायकाने श्रोत्याची वेळ आणि धीर ओळखून कार्यक्रमाची रचना करणे हे कौशल्यच आहे. त्यामुळे कलेचा दर्जा उतरत नाही, हे अरियकुडींच्या कारकिर्दीने दाखवले.

५. हिराबाई बडोदेकर: बसण्याची पद्धत आणि मान

हिराबाई बडोदेकर (१९०५ ते १९८९) या अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. वडील विभक्त झाल्यावर घराची जबाबदारी आईवर आणि भावंडांवर आली. हिराबाईंचे शिक्षण बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाले.

त्यांच्या आधी गाणाऱ्या स्त्रीकडून हावभावांची अपेक्षा असे. हिराबाई पुरुष गवयांप्रमाणे तंबोऱ्यांच्या मध्ये शांत बसत, साधे नऊवारी नेसत आणि केवळ स्वरांवर मैफल पेलत. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. बसण्याच्या या पद्धतीला सामाजिक अर्थ होता. गाणारी बाई आणि ऐकणारा समाज यांच्यातले नाते तिने बदलले. पुढे गंगूबाई हनगल यांच्यासारख्या गायिकांना जी मान्यता मिळाली, तिची एक वाट इथून जाते.

कुटुंबाने संगीत नाटकाचा व्यवसायही करून पाहिला. पण नाट्यसंस्था चालवणे हा फार खर्चिक प्रकार होता. प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत असलेल्या बालगंधर्वांची मंडळीही कर्जात बुडाली होती. हिराबाईंचा खरा आधार शेवटपर्यंत बैठक, ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ हाच राहिला. एका साधनाला फटका बसला तरी दुसरे हाताशी असल्यामुळे त्यांची कारकीर्द अनेक दशके टिकली.

६. बेगम अख्तर: प्रतिष्ठा मिळाली, गाणे गेले

फैजाबादच्या अख्तरीबाई (१९१४ ते १९७४) यांनी १९३४ मध्ये बिहार भूकंपग्रस्तांसाठी कलकत्त्यात झालेल्या कार्यक्रमात गाऊन लोकांचे लक्ष वेधले. नाटक, बोलपट, संस्थानिकांच्या मैफली हे सारे त्यांनी केले. १९४५ मध्ये लखनौच्या एका बॅरिस्टरांशी त्यांचा विवाह झाला. घरंदाज गृहिणीचे स्थान मिळाले, पण त्याची किंमत म्हणून गाणे थांबले. त्या काळात त्या आजारी पडत राहिल्या. १९४९ मध्ये लखनौ रेडिओवर त्या पुन्हा गायल्या आणि त्यानंतर पंचवीस वर्षे गात राहिल्या. ऑक्टोबर १९७४ मध्ये अहमदाबादच्या मैफलीनंतर त्यांचे निधन झाले.

रेडिओचे महत्त्व इथे नीट ध्यानात घ्यावे. स्टुडिओत श्रोता समोर नसे. त्यामुळे जाहीर बैठकीत येणे ज्या स्त्रीला अडचणीचे होते, तिला मधला दरवाजा मिळाला. अख्तरीबाई फैजाबादी या नावाऐवजी त्या आता बेगम अख्तर या नावाने गात. नाव बदलले तरी गळा आणि तालीम जुनीच होती.

७. निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून तीन मुद्दे निघतात.

पहिला, कीर्ती आणि आर्थिक स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गौहर जान आणि बालगंधर्व यांच्याकडे पहिली भरपूर होती. दुसरी टिकली नाही.

दुसरा, ज्यांनी उत्पन्नाच्या एकापेक्षा अधिक वाटा राखल्या आणि प्रत्येक साधनाला साजेसे गाणे घडवले, त्यांची कारकीर्द लांबली. तीन मिनिटांची तबकडी, अडीच-तीन तासांची सभा आणि रात्रभराची बैठक यांना एकच गाणे चालत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कुठे, कोणासमोर आणि कोणत्या अटींवर गायचे हे ठरवण्याचा अधिकार गायकाच्या हाती जितका आला, तितके समाधान वाढले. दरबारात हा अधिकार जवळजवळ नव्हता. तिकिटाने तो काही प्रमाणात दिला, पण सर्वांना सारखा दिला नाही. पुरुष गायकाला केवळ श्रोता मिळवायचा होता. स्त्री गायिकेला श्रोत्याबरोबर समाजाची परवानगीही मिळवावी लागली. नवे व्यासपीठ प्रतिष्ठित झाले, तेव्हा ज्या तवायफा आणि देवदासी यांनी ते गाणे जपले होते, त्यांच्यातील बहुतेकींना त्यावर जागा मिळाली नाही. आधुनिक मैफलीचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळता येत नाही.

स्वाध्याय

१. दरबारी आश्रय आणि तिकिटाचा जलसा यांतील गायक व श्रोता यांच्या नात्याची तुलना करा.

२. ध्वनिमुद्रिकेच्या तीन मिनिटांच्या मर्यादेचा गायनावर काय परिणाम झाला असेल, ते सकारण सांगा.

३. हिराबाई बडोदेकर आणि बेगम अख्तर या दोघींनी प्रतिष्ठेचा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने कसा हाताळला, ते लिहा.

४. आपल्या गावातील किंवा शहरातील एखाद्या ज्येष्ठ कलावंताशी बोला. त्यांच्या उत्पन्नाची साधने गेल्या तीस-चाळीस वर्षांत कशी बदलली, याची नोंद करा.