शांपेनचा फेसाळ द्राक्षारस आणि दों पेरिन्यों

महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचे गुण गाणें योग्यच होय. परंतु गातां गातां जें त्यांनीं केलें नाहीं तेंहि त्यांच्या पदरीं बांधण्याचा मोह होतो. या मोहाचें एक नामांकित उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

फ्रान्सच्या ईशान्येस शांपेन नांवाचा प्रांत आहे. रँस व एपर्ने हीं तेथील द्राक्षारसाच्या व्यापाराचीं मुख्य शहरें. हवा थंड, जमीन खडूची. त्याच खडूंत खोदलेल्या तळघरांत बाटल्या वर्षानुवर्षें निजवून ठेवितात. द्राक्षांच्या मुख्य जाती तीन: पिनो न्वार व म्यूनिए या काळ्या, शार्दोने ही पांढरी. काळ्या द्राक्षाचा रंग सालींत असतो. म्हणून तें हळुवार व त्वरेनें दाबिलें असतां रस पांढराच निघतो.

या प्रांतांतील ऑव्हिलेर गांवीं बेनेदिक्तीन संघाचा मठ होता. तेथें १६६८ सालीं दों पिएर पेरिन्यों हे आले व १७१५ सालीं मरण येईपर्यंत त्यांनीं कोठाराचा कारभार पाहिला. फेसाळ द्राक्षारस त्यांनींच शोधिला, आणि पहिला घोट घेतांच आपण तारे पीत आहों असें ते उद्गारले, अशी कथा जगभर पसरली आहे.

कथा गोड आहे, पण खरी नाहीं. थंडींत आंबण्याची क्रिया थांबते व वसंतांत पुन्हां जागी होते. त्या वेळीं रस बाटलींत बंद असला तर वायु आंतच कोंडतो. फेस येतो तो यामुळें. त्या काळीं हा दोषच गणला जाई, कारण बाटल्या फुटत. दों पेरिन्यों हा दोष टाळण्यासच झटत होते. शिवाय साखर घालून द्राक्षारस फेसाळ करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्यानें लंडन येथें १६६२ सालींच, म्हणजे पेरिन्यों ऑव्हिलेरास येण्यापूर्वीं सहा वर्षें, नमूद केली होती.

मग कथा आली कोठून? फ्रेंच राज्यक्रांतींत मठ बंद पडला. पुढें १८२१ सालीं दों ग्रोसार या तेथील माजी मठवासीयानें एका पत्रांत हें श्रेय पेरिन्यों यांस दिलें. नष्ट झालेल्या घराची कीर्ति तरी उरावी, असा त्यांचा हेतु असावा. त्यांचें दुःख आम्हांस समजतें. तथापि दुःखानें असत्य सत्य होत नाहीं.

आणि खरी कीर्ति कांहीं थोडी नव्हती. वेलींची कडक छाटणी, सकाळच्या गारव्यांत तोडणी, ठेचलेलें द्राक्ष बाजूस काढणें, निरनिराळ्या मळ्यांचीं द्राक्षें विचारपूर्वक एकत्र करणें, या गोष्टींत त्यांचा हात धरणारे थोडेच. चमत्कार नव्हे, तर सत्तेचाळीस वर्षें नित्य केलेलें काम! शांपेनचे द्राक्षमळे व तळघरें १०१५ नव्हे, अलीकडे २०१५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणलीं गेलीं. त्या वारशाचा पाया अशाच अनाम व सनाम कष्टाळूंनीं घातला.

पवित्र मिस्सेचा द्राक्षारस वेलीच्या फळाचा, शुद्ध व न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आपल्या पूर्वजांच्या आठवणींसहि आम्ही तोच नियम लावूं इच्छितों. त्यांत बाहेरची साखर घालण्याचें कारण नाहीं. जें त्यांनीं खरोखर पिकविलें, तेंच पुरेसें गोड आहे.