उपग्रहाने तापमान ‘पाहिलं’ म्हणजे काय?

मागच्या वेळी आपण थर्मामीटरपाशी थांबलो होतो. पारा चढतो, आणि त्यावरून आपण उष्णता ठरवतो. आज सुमारे साडेआठशे किलोमीटर वर जाऊ.

ऑक्टोबर 1978 मध्ये अमेरिकेने टायरॉस-एन हा हवामान उपग्रह सोडला. त्यावर मायक्रोवेव्ह साउंडिंग युनिट नावाचं उपकरण होतं. रडारसारखं ते स्वतः काही सोडत नाही, नुसतं ऐकतं. हवेतला ऑक्सिजन 60 गिगाहर्ट्झच्या आसपास सूक्ष्मलहरी उत्सर्जित करत असतो. हवा गरम, तर लहरी जास्त. त्यांची तीव्रता मोजायची आणि विचारायचं, की एखादी आदर्श काळी वस्तू इतक्याच लहरी द्यायला किती तापलेली लागेल? येणारा आकडा म्हणजे ब्राइटनेस टेंपरेचर. त्यात कित्येक किलोमीटर जाडीच्या हवेची सरमिसळ असते. तिथे थर्मामीटर कुणी धरलेला नाही, एवढं ध्यानात ठेवू.

उपकरण होतं रोजच्या हवामान अंदाजासाठी. 1990 मध्ये रॉय स्पेन्सर आणि जॉन ख्रिस्टी यांनी त्याच्या नोंदी जोडून 1979 ते 1988 चा जागतिक आलेख ‘सायन्स’मध्ये मांडला. कल्पना मोठी सुंदर होती. त्या दहा वर्षांत तापमानवाढीचा स्पष्ट कल दिसला नाही. पुढेही जमिनीवरचे थर्मामीटर वाढ दाखवत राहिले आणि उपग्रहाची नोंद किंचित घट. मग युक्तिवाद सुरू झाला: थर्मामीटर विखुरलेले, संगणकाची प्रारूपं म्हणजे अनुमान, उपग्रह मात्र प्रत्यक्ष!

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं इथे कान टवकारतो. न्यायदर्शनात प्रत्यक्षासाठी इंद्रियाचा विषयाशी संबंध लागतो. इथे तो कुठे आहे? हे तर धूर पाहून अग्नी ठरवणं झालं. आणि तसं करताना, धूर वाटला ते धुकं तर नाही ना, हे आधी तपासावं लागतं.

ते तपासलं 1998 मध्ये फ्रँक वेंट्झ आणि मॅथायस शाबेल यांनी. खालच्या थराचं तापमान काढण्यासाठी सरळ आणि तिरक्या नजरेचे आकडे घेऊन तिरक्याचा भाग वजा करत. पण विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली येत होता. खाली आला की तिरकी नजर थोडी कमी तिरकी होते, तिला जरा खालची, म्हणजे जास्त गरम हवा दिसते. आणि वजा करायचा आकडाच वाढल्याने उत्तर थंड येतं. एवढी एक दुरुस्ती केली, तर दशकाला उणे 0.05 अंशांचा कल अधिक 0.07 होत होता. अर्थात स्पेन्सर-ख्रिस्टी यांनी उलट बाजूच्या दुरुस्त्याही दाखवल्या, त्यामुळे वाद मिटला नाही.

2005 मध्ये दुसरी गोष्ट निघाली. उपग्रहाची एखाद्या ठिकाणावरून जाण्याची वेळ वर्षागणिक सरकते. दुपारी पाहणारा हळूहळू संध्याकाळी पाहू लागतो, म्हणून त्याची दुरुस्ती लागते. कार्ल मियर्स आणि वेंट्झ यांनी दाखवलं, की उष्णकटिबंधात या दुरुस्तीचं चिन्हच उलटं पडलंय. स्पेन्सर आणि ख्रिस्टी यांनी चूक मान्य करून आकडे बदलले. त्यांच्या इतर मतांबद्दल कुणाला काहीही वाटो, हे आम्हाला त्यांच्या बाजूने नोंदवावंसं वाटतं.

आजही दोन्ही गट त्याच उपग्रहांचे संकेत घेतात, आणि दोघांचे कल वेगळे येतात.