दूरस्थ अध्यापक आणि त्याचे सहकारी : मराठवाड्यातील एक प्रश्न

अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तीन तालुके १९५६ साली बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले आणि १९८२ साली नव्याने निर्माण झालेल्या लातूर जिल्ह्यात गेले. या भूभागाचे विद्याकेंद्रही असेच सरकत आले आहे. प्रथम हैदराबादचे उस्मानिया, १९५८ पासून औरंगाबादचे (आजच्या छत्रपती संभाजीनगरचे) मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ पासून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. केंद्र जवळ येत गेले. तथापि तालुक्याच्या ठिकाणी एका विषयाचे एक-दोनच अध्यापक असण्याची स्थिती फारशी पालटली नाही. अशा अध्यापकास अध्यापनातील अडचण विचारावयाची तर कोणास, हा प्रश्न दूरशिक्षणाच्या पुष्कळ आधीचा आहे.

जुन्या व्यवस्थेत त्याचे उत्तर अनौपचारिक होते. उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने निरनिराळ्या गावचे अध्यापक एका टेबलाशी बसत. गुण किती द्यावेत यावरून निघालेला वाद विषय कसा शिकवावा येथवर जाऊन पोचे. ही देवघेव कोणत्याही नियमावलीत नव्हती, आणि म्हणूनच तिची नोंद इतिहासात सहसा आढळत नाही.

१ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. विद्यापीठाने अभ्यासकेंद्रे प्रायः चालू महाविद्यालयांतूनच उघडली आणि तेथील अध्यापकास ‘संमंत्रक’ ही संज्ञा दिली. ही संज्ञा विचारात घेण्यासारखी आहे. ‘सम्’ व ‘मन्त्र्’ यांच्या योगाने होणारा मूळ अर्थ एकत्र बसून विचार करणे असा आहे. प्रत्यक्षात मात्र संमंत्रक विद्यार्थ्यास सल्ला देतो. दुसऱ्या गावच्या संमंत्रकाशी विचारविनिमय करण्याची सोय त्या नावात आहे तितकी व्यवहारात आली नाही. पाठ्यपुस्तक नाशिकहून यावयाचे, वर्ग सुटीच्या दिवशी भरावयाचा, आणि संमंत्रकाचे मुख्य काम आपल्या महाविद्यालयातच राहावयाचे, अशा रचनेत तो एकाकी राहिला तर नवल नाही.

इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठास १९६९ साली सनद मिळाली. तेथे दूरस्थ शिक्षकाने तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काहींवर दुसरा अनुभवी शिक्षक अभिप्राय देतो. ही पद्धत देखरेखीची आहे हे खरे; परंतु एका शिक्षकाचे काम दुसऱ्याच्या दृष्टीस पडते, हा तिचा लाभ कमी लेखता येत नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून ‘शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालये’ उभारली. तेथील अभ्यासक्रमांना मराठीत ‘उद्बोधन वर्ग’ व ‘उजळणी वर्ग’ म्हणतात. पाढ्यांची उजळणी करणाऱ्या मुलाची आठवण करून देणारे हे दुसरे नाव प्राध्यापकांनी कसे सोसले, हे एक नवलच. वर्ग तीन-चार आठवड्यांचे आणि निवासी असत. पदोन्नतीसाठी त्यांचे प्रमाणपत्र आवश्यक झाल्याने व्याख्याने पुष्कळांनी कर्तव्य म्हणून ऐकली. भोजनगृहातील आणि रात्रीच्या फेरफटक्यातील बोलणे अधिक टिकाऊ ठरले असावे.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली. प्रत्येक अध्यापक दूरस्थ अध्यापक झाला आणि उजळणी वर्गही पडद्यावर आले. व्याख्यान पडद्यावर येऊ शकले, फेरफटका आला नाही. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मार्गदर्शनासाठी एक राष्ट्रीय मोहीम सुचविली. तीत ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांचा समूह अभिप्रेत असून भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भाषेची ही तरतूद मराठवाड्यास उपकारक आहे. परंतु चेहरे न दिसणाऱ्या वर्गास मराठीतून व्याकरण किंवा इतिहास कसा शिकवावा, याचा अनुभव निवृत्त ज्येष्ठांपाशी नाही. तो अहमदपूरच्या अध्यापकापाशी, उदगीरच्या अध्यापकापाशी आहे, आणि दोघांची गाठ घालून देण्याचे काम त्या तरतुदीत कोणाकडेही सोपविलेले नाही.