अलायन्स एअर : अमरावतीला मुंबईशी जोडणाऱ्या विमान कंपनीची गोष्ट

बोरी अरबसारख्या दारव्हा तालुक्यातील गावातून विमान पकडायचे, तर अनेक वर्षे आधी नागपूर गाठावे लागे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली आणि पश्चिम विदर्भाला जवळचा पर्याय मिळाला. ही सेवा देणारी कंपनी म्हणजे अलायन्स एअर.

सुरुवात कधी झाली?
१९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून. सुरुवातीला बोइंग ७३७-२०० विमाने होती. १७ जुलै २००० रोजी पाटण्याला यापैकी एक विमान कोसळून ६० जणांचा मृत्यू झाला. पुढे कंपनी एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानांकडे वळली.

आता मालक कोण?
केंद्र सरकार. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, पण अलायन्स एअर त्या व्यवहारात नव्हती.

छोटी विमानेच का?
एटीआर ७२ मध्ये सुमारे ७० प्रवासी बसतात. त्याला इंधन कमी लागते आणि आखूड धावपट्टी चालते. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर आहे.

तिकीट कसे परवडते?
‘उडान’ योजनेत ठरावीक जागांच्या भाड्यावर मर्यादा असते. त्यातून होणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरून काढतात. योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडाले, तेही अलायन्स एअरचेच.

मग अडचण कुठे आहे?
ही मदत तीन वर्षेच मिळते. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावर ऑक्टोबर २०२१ मध्ये याच कंपनीने मुंबईची सेवा सुरू केली होती. तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बंद पडली.

यवतमाळचे काय?
यवतमाळलाही विमानतळ आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादसह तो रिलायन्स समूहाच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेकराराने देण्यात आला. पण नियमित प्रवासी सेवेत पुढे गेले ते अमरावती.

पुढे काय?
अमरावतीची सेवा आठवड्यातून तीन दिवसांनी सुरू झाली. सरकारी मदत थांबल्यावर ती टिकेल का, हे भरलेल्या जागांवर ठरेल. त्या जागा भरणार आहेत त्या अमरावती, यवतमाळ, अकोला परिसरातील प्रवाशांकडूनच.